अठ्ठावन्न युनिटं

देवपुरात मोतीलाल नानांचं एक दुमजली घर होतं. खाली बेबाबाई राहायची, वर ताजबी. दोघी भाडेकरू. पण बेबाबाईचा वावरच असा, की नवा पोस्टमन तिलाच मालकीण समजायचा आणि तीही त्याचा गैरसमज दूर करायच्या फंदात पडायची नाही.

बेबाबाई शिरपूरकडची, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातली. शाळा दुसरीपर्यंत. अक्षर लावून लावून वाचायची, पण आकडा एका नजरेत. नवरा रोहिदास गेला तेव्हा जगदीश सातवीत होता. कोरडवाहू तुकडा, मोहाची फुलं, लोकांच्या शेतातली निंदणी, एवढ्यावर तिनं त्याला वाढवला, धुळ्याला आणला, औषधांच्या दुकानात चिकटवला, चाळीसगावची सरिता सून करून आणली. नात शीतल आता चौथीत होती. या सगळ्या वर्षांत बेबाबाईनं एकच अभिमान जपला होता: आपल्या हातून काही वाया जात नाही. तेल नाही, पीठ नाही, आगपेटीतली काडीसुद्धा नाही. एका काडीत ती देवाजवळचा दिवा लावायची, तीच काडी तळहाताच्या आडोशानं गॅसपाशी न्यायची, आणि वाटेत कुणी आडवं आलं तर त्याच्या सात पिढ्या काढायची.

विजेच्या बाबतीत तर विचारूच नका. गल्लीत लाइटबिलं वाटली गेली की ती ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला बिल किती आलं ते विचारायची, "तुले कितलं ऊनं वं?" ऐकून घ्यायची, "आरे देवा" म्हणायची, आणि मग सावकाश आपलं सांगायची. त्या एका घटकेसाठी ती महिनाभर अंधारात जेवायला तयार होती. घरच्यांनाही तयार केलं होतं.

गेल्या पावसाळ्यात नानांनी वरचा मजला बांधला. बोर्डाचं मोठं मीटर एकच, म्हणून जिन्याच्या भिंतीवर दोन सबमीटर बसवून घेतले, एकाच्या खाली एक. वायरमननं काम उरकलं आणि तो सुरतेला निघून गेला. नानांनी खडूनं वरच्या मीटरशेजारी लिहिलं 'वरचे', खालच्याशेजारी लिहिलं 'खालचे'. गोष्ट इतकी उघड होती, की त्यात कुणाला विचारायचं काय?

गणपतीत ताजबी राहायला आली. नवरा नूर महंमद गाद्या-रजया भरायचा, बाजारात त्याचं छोटं दुकान. मुलगा मालेगावला नोकरीला. घरात दोघंच. ताजबी गोल, गोरी, बोलायला गोड. पहिल्याच दिवशी गाजराचा हलवा घेऊन खाली आली आणि म्हणाली, "अक्का, आजसे तुम मेरी बडी बहन. काही चुकलं तर कान धरायचा."

बेबाबाईला ती आवडली. हलवाही आवडला. साखर जास्त होती एवढं तिनं सांगितलं, पण वाटी घासून परत दिली आणि रिकामी दिली नाही.

पुढच्या महिन्याच्या एक तारखेला नाना वही घेऊन आले, चष्मा कपाळावर चढवून मीटरच्या तोंडाला तोंड लावलं आणि म्हणाले, "वरचे ब्याण्णव. खालचे एकशे एक्केचाळीस."

"उलटं वाचलं तुम्ही, नाना," बेबाबाई म्हणाली.

नानांनी चष्मा पुसला, परत वाचलं. तेच.

"अक्का, घरात माणसं जास्त असली की होतं असं," नाना समजुतीनं म्हणाले. आणि मग जे बोलायला नको होतं ते बोलले. "पण ताजबीनं कमाल केली हं. ब्याण्णव! याला म्हणायचं संसार."

हे वाक्य आजवर नानांनी फक्त बेबाबाईला म्हटलं होतं. तिच्यासमोर, तिच्याच जिन्यात, ते उचलून दुसरीच्या पदरात टाकलं. बेबाबाई हसली. तिचं हसणं ओळखणारी सरिता गुपचूप आत निघून गेली.

त्या दिवसापासून घरात काटकसरीचा फास आवळला. दोन ट्यूबमधली एक बंद झाली. शीतल स्वयंपाकघरातल्या बल्बखाली बसून अभ्यास करू लागली आणि तिच्या वहीला फोडणीचा वास येऊ लागला. टीव्ही फक्त रविवारी. मोबाइल चार्ज करायचा तर जगदीशनं दुकानातून करून आणायचा. एवढं केल्यावर एक तारीख आली, आणि नानांनी वाचलं: "वरचे चौऱ्याऐंशी. खालचे दीडशे."

"मीटर पळतंय," बेबाबाई म्हणाली.

"नवं कोरं आहे, आई," जगदीश म्हणाला. "कंपनीचं सील आहे."

"मग ती करते काय? दिवे लावतच नाही का ती?"

ताजबी जिन्यावरच उभी होती, पदराला हात पुसत. ती भल्या मनाची बाई. कुणी विचारलं की सांगायला बसायची. "कुछ नहीं अक्का, सवयीची गोष्ट आहे. खोलीतून बाहेर पडलं की बटन बंद. डाळ भिजवून ठेवायची. मी तर सरिताला पण सांगितलं."

सरिताला पण सांगितलं! म्हणजे बेबाबाईच्या घरी काटकसर शिकवायला वरच्या मजल्यावरून मास्तरीण येत होती. राग आला की बेबाबाईच्या तोंडात शहराची भाषा टिकत नसे, गावाकडची अहिराणी यायची. सरितेला तिनं गॅसपाशी गाठलं. "माले सोडीसन तू तिले इचारस? मी मरी गयी का?"

"आई, मी विचारलं नाही. त्याच सांगत होत्या."

"अन् तू आयकत होतीस!"

दिवाळी झाली, थंडी पडली. धुळ्याची थंडी वाईट. पांझरेवरून वारा येतो तो सरळ मोरीच्या खिडकीतून आत. जगदीशनं मागल्या वर्षी गिझर घेतला होता. त्याचं बटन बेबाबाईनं वायर ओढून आपल्या खोलीत घेतलं होतं, तिच्या उशाशी. सकाळी सहाला ती ते दाबायची आणि दहा मिनिटांत बंद करायची. त्या पाण्यात चौघांनी भागवायचं. शेवटचा नंबर सरिताचा, तोवर पाणी नळाचंच. पोरीसाठी आणलेला लहान हिटर बेबाबाईनं गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकला. फ्रीज तर बंदच केला. "गारठ्यात गार करायचं यंत्र? वेड लागलंय का?"

वरून मात्र रोज सकाळी मोरीतून वाफ बाहेर पडताना दिसायची. तांब्यावर तांब्या ओतल्याचा आवाज यायचा. ताजबी गात गात अंघोळ करायची. बेबाबाई खाली अंगणात उभी राहून त्या वाफेकडे बघायची. गरम पाणी तिलाही लावता आलं असतं, पैसा होता. पण एवढी वाफ काढून ताजबी कमी कशी जाळते, हे तिच्या काळजात रुतून बसलं होतं. वाफ पण तिची अन् नाव पण तिचंच!

नोव्हेंबरचे आकडे आले. वरचे एकाहत्तर, खालचे एकशे शहात्तर.

"तू दुपारी चोरून हिटर लावते," बेबाबाई सुनेला म्हणाली.

"हिटर माळ्यावर आहे, आई. शिडी तुमच्या खाटेखाली आहे."

शिडी खरंच तिथंच होती. म्हणून बेबाबाई दोन दिवस तिच्याशी बोलली नाही.

मग एक जानेवारी आली. जिन्यात सगळे जमले होते, कारण आता हा महिन्याचा खेळच झाला होता. नानांनी वाचलं आणि स्वतःच दचकले. "वरचे... अठ्ठावन्न. खालचे दोनशे तीन."

"अठ्ठावन्न!" जगदीश म्हणाला. त्याच्या तोंडून कौतुक निसटलं. "चाची, तुमचे तर पाय धरायला हवेत. आई, खरंच, तू एकदा त्यांच्याकडून शिकून घे."

बेबाबाईनं मुलाकडे पाहिलं. ज्याला तिनं चिमणीच्या उजेडात वाढवला, आणि चिमणीतलं रॉकेलही मोजून, तो तिला सांगत होता की बचत शिक. तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. तिच्या बाबतीत ते कधीच वेळेवर येत नसे, त्याच्या आधी जीभ यायची.

"आयका बठ्ठा जण," ती म्हणाली. "नाना, तुम्ही बी आयका. या महिन्यात माझा आकडा वरच्यापेक्षा एकानं जरी जास्त आला ना, तर मी या घरातल्या एका बटनाला हात लावणार नाही. घर सरिता चालवेल. गिझर तिचा, गॅस तिचा, किल्ल्या तिच्या. मी खाटेवर बसून भाकर खाईन. आणि कमी आला, तर या घरात पुन्हा कुणी मला शिकवायचं नाही. पोटच्यानं तर नाहीच."

"अक्का, कशाला मनाला लावून घेता," नाना म्हणाले.

"मनाला नाही लावलं. जिन्यात सांगितलं."

सरिता खाली मान घालून उभी होती. दहा वर्षांत पहिल्यांदा बेबाबाईला ती मान कशासाठी खाली आहे ते कळेना.

बारा तारखेला वरचं घर बंद झालं. जळगावला पिंप्राळ्यात ताजबीची बहीण राहायची. तिच्या मुलीचं, खुशनुमाचं लग्न. नवरा-बायको आठवडाभरासाठी गेली. जाताना ताजबी सांगून गेली, "अक्का, घराकडे लक्ष ठेवा. आता आठ दिवस माझं मीटर झोपेल, तुम्ही सांभाळून!" आणि हसली. चेष्टाच होती ती. पण बेबाबाईला रात्रीची भाकर कडू लागली. आठ दिवस बंद घर! म्हणजे या महिन्यात ताजबीचे चाळीससुद्धा होणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दुखणारा गुडघा धरत जिन्यात गेली आणि मीटरसमोर उभी राहिली. वीज जात असली की मीटरवर लाल ठिपका लुकलुकतो, एवढं तिला जगदीशनं दाखवलेलं होतं. तिनं पाहिलं, तर वरच्या मीटरवरचा ठिपका लुकलुकत होता. आणि खालचा गप्प.

बेबाबाईला क्षणभर खरं वाटेना. मग तिचा चेहरा असा उजळला, की दूधवाल्यानं विचारलं, "अक्का, नातू झाला का?"

"त्याहून बरं," ती म्हणाली आणि आत येऊन सरितेला ओढत बाहेर नेलं. "पाहाय! ती मोठी हुशार! काहीतरी चालू ठेवून गेली ना लग्नाला. आठ दिवस जळणार आता. जळू दे!"

सरितेनं मीटरकडे पाहिलं. खालच्या मीटरकडे जास्त वेळ पाहिलं. "आई, आपलं का बंद आहे? आत दिवा चालू आहे. मिक्सर आत्ताच फिरवला मी."

बेबाबाईनं विचार केला. तिच्या विचाराला एकच वाट माहीत होती, आणि त्या वाटेवर ती कायम जिंकत असे. "बिघडलं. अडकलं मीटर. देवानं बघितलं बाई, चार महिने माझ्यावर अन्याय झाला तो."

"मी चाचींना फोन करून सांगू का, काही चालू राहिलंय म्हणून?"

"जीभ हासडीन."

मग त्या घरात जे झालं ते जगदीशनं आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. मीटर अडकलंय तोवर हात मोकळा सोडायचा, असा बेबाबाईचा हुकूम निघाला. गिझर सकाळी लागला तो दुपारीच बंद झाला. माळ्यावरचा हिटर खाली आला, गोणपाट सुटला आणि शीतल त्याच्यासमोर पाय पसरून पाढे म्हणू लागली. फ्रीज घरघरला. बेबाबाईनं सगळ्या गोधड्या काढल्या आणि वॉशिंग मशीनमध्ये गरम पाण्यानं धुतल्या, दोन-दोनदा. खोबरं, खारीक, डिंक मिक्सरमध्ये दळून लाडू केले. कपाटातल्या साड्यांना इस्त्री झाली, मग पडद्यांना, मग जगदीशच्या बनियनला. सरितेनं त्या आठवड्यात पहिल्यांदा डोक्यावरून कढत पाणी घेतलं. मोरीतून बाहेर आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते आणि ती काहीतरी गुणगुणत होती. बेबाबाईच्या ते लक्षात आलं, आवडलंही नाही, पण मीटर बंद होतं म्हणून ती काही बोलली नाही.

रोज सकाळी ती मीटरकडे फेरी मारायची. खालचं तसंच मेलेलं. वरचं मात्र पिसाटासारखं लुकलुकत होतं. बंद घरात एवढं काय जळतंय? बेबाबाई कुलपाकडे बघायची आणि मनात म्हणायची, जळ बाई, जळ.

सहाव्या दिवशी दुपारी ती जिन्यात ऊन खात बसली होती. आत सरिता पडद्यांची दुसरी फेरी इस्त्री करत होती, मोरीत गिझर चालू होता. वरच्या मीटरचा ठिपका श्वास न घेता लुकलुकत होता. बेबाबाई डिंकाचा लाडू खात त्याच्याकडे बघत होती. दुसऱ्याचं नुकसान बघत खाल्लेला लाडू जास्त गोड लागतो, असं तिच्या मनात येत होतं. तेवढ्यात आत सरितेनं इस्त्री बंद केली, गिझरही बंद केला. आणि ठिपका एकदम सुस्तावला.

बेबाबाईचं चावणं थांबलं.

"सरिता," तिनं हाक मारली, "गिझर लाव."

"आई, आत्ता..."

"लाव म्हणते ना!"

आत खटका वाजला. बाहेर ठिपका धावायला लागला.

"बंद कर."

ठिपका मंदावला.

"लाव. बंद. लाव."

तीनदा करून बघितलं. चौथ्यांदा करायची गरज नव्हती. लाडू हातातच राहिला. सरिता दारात येऊन उभी राहिली. तिनं मीटरकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं आणि काही न विचारता आत गेली. तिला कधी कळलं होतं, आज की पहिल्याच दिवशी, हे बेबाबाईनं विचारलं नाही.

वरचं मीटर आपलं. खालचं ताजबीचं. पहिल्या दिवसापासून.

बेबाबाई पायरीवरच बसून राहिली. ब्याण्णव, चौऱ्याऐंशी, एकाहत्तर, अठ्ठावन्न. एकेक आकडा तिच्या डोळ्यांसमोरून गेला. अंधारात गिळलेले घास, शीतलच्या वहीचा वास, सुनेची गार पाण्याची अंघोळ, बंद फ्रीज. सगळं तिनं केलं होतं, आणि वाहवा कुणी नेली? तिनं जितकी दोरी आवळली तितकी ताजबी नावाजली गेली. तिचा पोरगा ताजबीचे पाय धरायला निघाला तो तिच्याच अठ्ठावन्न युनिटांसाठी! आणि ती वरची, वाफेच्या ढगात गाणी म्हणत, दोनशे तीन युनिटं जाळून, तिला डाळ भिजवायला शिकवत होती.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. आत्ता उठावं, नानांना फोन लावावा, सगळ्या गल्लीला गोळा करावं. ती उठलीही. आणि परत बसली.

कारण आकडा तिला एका नजरेत कळायचा. या महिन्यात वरचं मीटर तिनं स्वतः सहा दिवस पिसाट पळवलं होतं. खालचं सहा दिवस झोपलेलं होतं. आज खरं सांगितलं, तर या महिन्याची उधळी बेबाबाई, आणि जिन्यात सगळ्यांसमोर घातलेला शब्द: घर सरिताचं. गप्प राहिलं, तर खडूनं लिहिलेलं तसंच राहील. वरचा आकडा मोठा, खालचा लहान. ती जिंकली. घर तिचं, बटन तिचं.

ती गप्प राहिली.

पण गप्प राहण्यात एक ग्यानबाची मेख होती, आणि ती तिला ताजबी परत आल्यावर टोचायला लागली. ताजबी आली, तिची वाफ सुरू झाली, आणि खालचं मीटर पळायला लागलं. आता जिंकायचं तर वरचं त्याच्यापुढे राहायला हवं. म्हणजे बेबाबाईनं वीज जाळायला हवी. जिनं आयुष्यात काडी वाया घालवली नाही, ती बाई भर दुपारी रिकाम्या खोलीत हिटर लावून बसू लागली. डोळे मिटून बसायची. फुकट जाणारं प्रत्येक युनिट ती मनात मोजायची. ते ताजबीच्या नावावर पडतंय, हे तिला कळत होतं. चार महिने माझं खाल्लं तिनं, असं ती मनाला सांगायची. मन ऐकायचं, पण पुरतं नाही.

"आई, बरं वाटत नाही का?" जगदीशनं विचारलं.

"थंडी वाजते," ती म्हणाली. कपाळावर घाम होता.

एक फेब्रुवारीला नाना आले. ताजबी लग्नातली मिठाई घेऊन जिन्यात उभी. जगदीश दुकानाला उशीर करून थांबलेला. शीतल गणवेशात. सरिता दाराच्या चौकटीला टेकून.

नानांनी वाचलं. "वरचे एकशे ब्याऐंशी." चष्मा वर केला, खाली केला. "खालचे एकशे सेहेचाळीस."

"आजी जिंकली!" शीतल ओरडली.

जगदीश हसला, आईजवळ आला. "चुकलो मी, आई. आता पुन्हा नाही बोलणार." दाराशी सरिता सरळ उभी राहिली, आणि तिचा चेहरा एखादी खिडकी लावून घ्यावी तसा मिटला. बेबाबाईनं ते पाहिलं. पाहायचं नव्हतं तरी पाहिलं.

ताजबी गोंधळली होती. "अय्या, घर तो आठ दिन बंद था! एवढं कसं झालं?" ती बिचारी बोटांवर दिवस मोजू लागली. मग मान उडवून हसली. तिचा स्वभावच तसा. मिठाईचा डबा पुढे केला. "जाऊ द्या. अक्का, इस बार तुम जीती. एक महिना तुमचा. चार महिने तर माझे होते ना!"

इथंच सगळं फिसकटलं.

बेबाबाईचा हात मिठाईकडे गेला होता, तो तसाच हवेत राहिला. एक महिना तुमचा. चार महिने माझे. ब्याण्णव माझे, चौऱ्याऐंशी माझे, अठ्ठावन्न माझे. ही बाई उद्या गल्लीत सांगणार, पिंप्राळ्यात बहिणीला सांगणार, सुनेला सांगणार, नातवंडांना सांगणार. बेबाबाई मरून जाईल, आणि तिचे अठ्ठावन्न ताजबीच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या वावरतील.

"त्या चार महिना मन्हा शेतस!" ती ओरडली.

"काय, अक्का?"

"मन्हा! माझे! अठ्ठावन्न माझे आहेत. तुझे दोनशे तीन! शीतल, पळ, गिझर लाव. नाना, इकडं या. चष्मा घाला. वरच्या मीटरवर बघा."

शीतल पळाली. खटका वाजला. वरचा ठिपका धावत सुटला. "बंद कर गं!" मंदावला. बेबाबाईनं नानांना खांद्याला धरून वळवलं. "आता ताजबी, तू वर जा, तुझा तो पाणी तापवायचा रॉड बादलीत टाक." ताजबी काही न कळता वर गेली, आणि खालचा ठिपका थुईथुई नाचू लागला.

नानांनी मीटरकडे पाहिलं. मग आपण लिहिलेल्या अक्षरांकडे. मग खिशातून रुमाल काढून त्यांनी खडू पुसला, जणू तेवढ्यानं निस्तरणार होतं. "वायरमननं... मी आपलं समजलो... जगदीश, तुझं जास्तीचं गेलंय बाबा. पुढच्या भाड्यात वळतं करू. नूर महंमदशी बोलतो मी."

ताजबी जिना उतरून आली. तिचा गोरा चेहरा लाल झाला होता. "या अल्ला. म्हणजे मी दोनशे तीन? आणि मी तुम्हाला डाळ..." तिनं तोंडावर पदर धरला. त्या पदरामागे ती रडतेय की हसतेय, कळेना. बेबाबाईनं मनसोक्त पाहून घेतलं. चार महिन्यांत तिला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

आणि मग शीतल, जिला बाईंनी वजाबाकी नुकतीच पक्की करून घेतली होती, ती म्हणाली, "पण आजी, मग या महिन्याचे एकशे ब्याऐंशी पण आपलेच ना? म्हणजे तू हरलीस."

जगदीश म्हणाला, "जाऊ दे ना, मीटरचाच घोळ होता, तो शब्द काय धरायचा..."

"घोळ मीटरचा होता. शब्द माझा होता," बेबाबाई म्हणाली. कमरेच्या किल्ल्या काढल्या. काढायला वेळ लागला, कारण वर्षानुवर्षं तिथून त्या निघाल्याच नव्हत्या. सरितेच्या हातात दिल्या. "घे. हरले तर हरले. बटनाची वायर पण काढून घे माझ्या खोलीतून."

सरितेनं किल्ल्या घेतल्या. नको म्हणाली नाही. एकदासुद्धा नाही. सुनेनं निदान तोंडदेखलं तरी 'असू द्या आई' म्हणायला हवं होतं, असं बेबाबाईला वाटलं. पण ती नुसती उभी राहिली, मूठ मिटून.

ताजबीनं डोळे पुसले आणि जवळ आली. तिचा आवाज बदलला होता. त्यात मास्तरीण उरली नव्हती. "अक्का, खरं सांगा. चार माणसं. एवढी थंडी. अठ्ठावन्न युनिटांत घर चाललं कसं? मला शिकवा ना."

हा प्रश्न. ओट्यावर बसून बेबाबाईनं आयुष्यभर ज्याची वाट पाहिली तो हाच. नाना कान देऊन होते, जगदीश ऐकत होता, समोरच्या घरातल्या दोघी दारात आल्या होत्या. बेबाबाईनं श्वास घेतला, तोंड उघडलं. आणि तिच्या लक्षात आलं की किल्ल्या देऊन दोन मिनिटंही झाली नव्हती.

"मला काय विचारते," ती म्हणाली. "घर सरिता चालवते. तिला विचार."

ताजबी सरितेकडे वळली. नाना वळले. जगदीशही वळला. आणि सरिता, जिचा आवाज या जिन्यात कधी कुणी धड ऐकला नव्हता, ती बोलू लागली. गिझर दहा मिनिटं, आणि बादल्या आधीच ओळीनं लावून ठेवायच्या, म्हणजे पाणी गार व्हायला वेळ मिळत नाही. सकाळचा स्वयंपाक उजाडल्यावर, खिडकीपाशी. भाकरीच्या तव्याच्या धगीवर दुसऱ्या भांड्यात पाणी. थंडीत दूध-भाजी फ्रीजमध्ये नाही, ओल्या फडक्यात. ती एकेक सांगत होती आणि सगळे माना डोलवत होते.

बेबाबाई पायरीवर बसून ऐकत होती. कुठंतरी चुकेल, मग टोकू, म्हणून कान लावून ऐकत होती. सून एका शब्दानंही चुकली नाही.